पेशी नव्या, देणे जुने

आध्यात्मिक लेखनात आणि प्रवचनांत एक वाक्य वारंवार भेटते : माणसाचे शरीर दर सात वर्षांनी संपूर्ण नवे होते. त्यापुढचा निष्कर्ष मात्र वक्त्यागणिक बदलतो. कोणी म्हणतो, म्हणून देहाची आसक्ती सोडा, कारण ज्याला तुम्ही 'मी' म्हणता तो देह टिकतच नाही. कोणी म्हणतो, म्हणून निराश होऊ नका, कालचा तुम्ही आज उरलेलाच नाही. दोन्ही ऐकताना बरे वाटते. पण दुसऱ्या निष्कर्षापाशी थोडे थांबायला हवे. कालचा मी आज उरलो नसेन, तर त्याने काढलेल्या कर्जाचे काय? त्याने दिलेल्या शब्दाचे काय? त्याने दुखावलेल्या माणसांनी आता कोणाकडे पाहायचे?

मी इंग्रजीतून आणि तमिळमधून मराठीत अनुवाद करते. हे वाक्य माझ्यापुढे आतापर्यंत तीन-चार वेळा आले आहे. अनुवादकाने मूळ वक्त्याचे म्हणणे जसेच्या तसे द्यायचे असते, त्यात आपले घालायचे नसते. तरी ते खरे आहे की नाही हे जाणून घ्यावेसे वाटले. मी वाणिज्य शाखेची. दहावीनंतर जीवशास्त्राशी संबंध सुटला. शोधत शोधत मी लहान आतड्यापाशी येऊन पोहोचले, कारण हे वाक्य शरीरात जिथे सर्वांत जास्त खरे ठरते ती जागा तीच आहे.

शोध घेण्याला आणखी एक निमित्त होते. तंजावरात आमच्या आठवड्याच्या स्वाध्यायाला एक काका येतात. पंधरा वर्षे त्यांचे पिणे चालू होते. त्या काळात घरातले सोने गहाण पडले, आणि मोठा मुलगा एक दिवस घर सोडून गेला तो परत आला नाही. काकांनी पिणे सोडले त्याला सहा वर्षे झाली. मुलगा त्यांचा फोन घेत नाही. एकदा वाचनात हे सात वर्षांचे वाक्य आले आणि काकांनी अगदी साधेपणाने विचारले, "म्हणजे तो माणूस आता नाहीच ना? मग पोरगा रागावलाय कोणावर?" त्या दिवशी कोणालाच उत्तर देता आले नाही.

आधी आतड्याचे पाहू.

आपले लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. त्याची आतली बाजू गुळगुळीत नसते. तिथे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांना आपण अंकुर म्हणू. या घड्या आणि अंकुरांमुळे आतड्याच्या आतला पृष्ठभाग सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी मोठ्या खोलीएवढा होतो. अंकुरांवर पेशींचा फक्त एकच थर असतो. एका बाजूला आपण खाल्लेले जग, दुसऱ्या बाजूला आपले रक्त, आणि मध्ये एका पेशीची जाडी. 'बाहेरचे' आणि 'आपले' यांच्यातली सीमा इतकी पातळ आहे.

ही जागा कष्टाची. पित्त, पाचक रस, जंतू, अन्नाचे घर्षण हे सगळे या थरावरून दिवसरात्र जात असते. तिथली पेशी तीन ते पाच दिवसच टिकते. अंकुरांच्या पायथ्याशी बारीक खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूलपेशी असतात, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो. त्या विभागतात, नव्या पेशी तयार होतात आणि मागून येणाऱ्यांच्या रेट्याने वर सरकू लागतात. वर जाता जाता त्या आपले काम शिकतात : एखादी अन्न शोषून घेणारी होते, एखादी चिकट श्लेष्मा सोडणारी. अंकुराच्या टोकाशी पोहोचली की पेशी शेजाऱ्यांपासून सुटते आणि पोकळीत झडते. ती झडण्याआधी आजूबाजूच्या पेशी तिच्याखाली सरकून जागा मिटवतात, म्हणून भगदाड पडत नाही. झडलेली पेशीही बहुतेक वाया जात नाही. पुढे आतड्यातच ती पचते आणि तिच्यातले प्रथिन पुन्हा शरीरात घेतले जाते.

हे सततचे नूतनीकरण 1948 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील शार्ल लब्लाँ यांनी सहसंशोधकासह उंदरांच्या आतड्यांवर काम करून दाखवून दिले. नेमकी मूलपेशी कोणती, हे कळायला मात्र पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली. 2007 मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने ती ओळखली, आणि दोन वर्षांनी अशी एकच पेशी काचेच्या भांड्यात वाढवून तिच्यापासून खळगे आणि अंकुर असलेली आतड्याची इवलीशी प्रतिकृती तयार केली. संपूर्ण रचना त्या एका पेशीला ठाऊक होती.

आकडे सांगायचे तर आपल्या शरीरात रोज सुमारे 33,000 कोटी पेशी बदलतात, असा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेक रक्तपेशी. साधारण आठवा हिस्सा पचनमार्गाच्या अस्तराचा. पण वजनाने पाहिले तर या अस्तराचा वाटा पाचांत दोन भाग इतका भरतो. आज दुपारचे जेवण ज्या पेशींनी आत घेतले, त्यांतल्या बहुतेक पुढच्या आठवड्याच्या स्वाध्यायाला आपल्याबरोबर नसतील.

इथे एक मोह होतो. ही पेशी दुसऱ्यांसाठी अन्न घेते आणि झडून जाते, तेव्हा तिला त्यागमूर्ती म्हणावे असे वाटते. मला वाटते ते टाळलेले बरे. एक तर ती आपला वाटा आधी घेते. समोरून जाणाऱ्या अन्नातल्या काही घटकांवर, विशेषतः ग्लुटामीनवर, ती स्वतःच जगते. दुसरे, तिला दुसरा पर्याय नसतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या झडण्याला त्याग म्हटले, तर खऱ्या त्यागाची किंमत कमी होते. निसर्गाकडे पाहून शिकावे, पण आपले गुण त्याच्या अंगावर चढवून पुन्हा त्याच्याकडूनच शिकल्याचा आव आणू नये.

आता त्या वाक्याकडे वळते. सात वर्षांचा हिशेब आतड्याच्या अस्तराला लावला तर तो फारच सैल आहे. तिथे सात दिवससुद्धा जास्त होतात. पण सगळ्या शरीराला लावला तर वाक्य खोटे पडते. 1950 च्या दशकात आणि 1963 पर्यंत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि नंतर दरवर्षी घटत गेले. तो कार्बन वनस्पतींत, अन्नात आणि शेवटी आपल्या पेशींच्या डीएनएत उतरला. एखाद्या पावतीवर तारीख असावी तसा पेशीवर तिच्या जन्मवर्षाचा शिक्का पडला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2005 पासून हे शिक्के वाचायला सुरुवात केली. त्यांना दिसले ते असे : मेंदूच्या बाह्य थरातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या असतात. हृदयाच्या स्नायूपेशी फार सावकाश बदलतात. संपूर्ण आयुष्यात निम्म्याहून कमी. खुद्द आतड्यातही अस्तर वगळले तर उरलेल्या पेशींचे सरासरी वय साधारण सोळा वर्षे निघाले. पाच दिवसांची पेशी आणि सोळा वर्षांची पेशी यांच्यामध्ये मिलिमीटरभरही अंतर नसते.

न बदलणाऱ्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डोळ्यातले भिंग. त्याच्या गाभ्यातली प्रथिने आईच्या पोटात आणि जन्माच्या सुमारास तयार होतात, आणि पुन्हा कधीच बदलली जात नाहीत. नवे थर बाहेरून चढत राहतात, गाभा तोच. आयुष्यभराचा प्रकाश आणि झीज त्याच्यात साठते आणि म्हातारपणी मोतीबिंदू होतो. आमच्या तंजावरशी याचा जुना संबंध आहे. दुसरे सरफोजी महाराज (1777–1832) यांनी धन्वंतरी महाल चालवला होता. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांनी करून घेतली; ती सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. त्या चित्रांतले रुग्ण लहान आतड्याने रोज नवे होत होते, आणि तरी भिंगाच्या गाभ्यात जन्मापासूनचे सगळे जपून होते. महाराजांच्या वैद्यांना यातले काहीच माहीत नव्हते. पण ज्याचे नूतनीकरण होत नाही त्यावर बाहेरून उपचार करावा लागतो, हे ते रोज पाहत होते.

तेव्हा शरीर म्हणजे एका वेळी पालटणारा पोशाख नव्हे. काही भाग पाच दिवसांचा, तांबड्या रक्तपेशी सुमारे 120 दिवसांच्या, काही भाग जन्माइतका जुना. सात वर्षांनी सगळे नवे होते असे म्हणून कोणाला सुटका मिळत असेल, तर शरीर तरी तशी साक्ष देत नाही.

पण समजा, दिली असती. समजा, खरोखर प्रत्येक पेशी बदलत असती. मग काकांचा युक्तिवाद मान्य झाला असता का?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाचा ग्रंथ आपल्याला माहीत आहे. 'मिलिंद' हे नाव महाराष्ट्रात घरोघरी आहे. त्यात आंब्यांचे एक उदाहरण येते. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, या माणसाने जमिनीत लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, मग माझा गुन्हा कोणता? राजाला हा बचाव मुळीच पटत नाही : हे आंबे त्या आंब्यांपासूनच आले, म्हणून चोर दोषी आहे. लक्षात घ्या, नागसेन कायम टिकणारा, न बदलणारा 'मी' मानत नाहीत. तरीही ते चोराला सोडत नाहीत. जबाबदारीसाठी तोच कण टिकण्याची गरज नाही. एकातून दुसरे आले एवढे पुरे. आपल्यापैकी अनेकजण न बदलणारा आत्मा मानतात, नागसेन मानत नाहीत, आणि या एका मुद्द्यावर दोघांचा निवाडा एकच निघतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

आमच्या वाणिज्याच्या पुस्तकात हीच गोष्ट कोरडेपणाने लिहिली आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या नवव्या कलमानुसार कंपनीला अखंड अस्तित्व असते. भागधारक बदलतात, संचालक बदलतात, कामगार निवृत्त होतात. कंपनीचे देणे तसेच राहते. समभाग विकून बाहेर पडलेल्या माणसाबरोबर कंपनीचे कर्ज बाहेर पडत नाही. हे वाचताना परीक्षेपुरते पाठ केले होते. आतड्याबद्दल वाचल्यावर त्याचा अर्थ वेगळा दिसला. नवी पेशी येते ती रिकाम्या मैदानात येत नाही. ती एका जागेवर येते, त्या जागेचे काम ठरलेले असते, आणि आधीच्या पेशीने जिथे सोडले तिथून ती पुढे चालवते. आतड्याचे 'आतडेपण' कोणत्याही एका पेशीत नाही. ते या चालवण्यात आहे.

सावकाराने कर्ज दिले ते आपल्या पेशींना नव्हे. मुलाने वाट पाहिली ती काकांच्या आतड्याच्या अस्तराची नव्हे. तो वडिलांवर रागावला आहे, आणि वडील तेच आहेत.

हिशेबाच्या भाषेत आणखी एक गोष्ट सांगता येते. देणे फिटले की खाते बंद होते, पण जुनी वही कोणी फाडून टाकत नाही. आणि फार महत्त्वाचे म्हणजे, देणेकऱ्याला आपले देणे आपल्याच वहीत परस्पर 'बुडीत' म्हणून काढून टाकता येत नाही. ते काढून टाकण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचा. माफीही तशीच. 'मी आता नवा झालो' असे म्हणून काका स्वतःला जे देऊ पाहत होते, ते देणे मुलाच्या हातात होते.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख काकांवर अन्याय करणारा झाला असता. कारण नव्या होण्याला काहीच किंमत नाही असे मुळीच नाही. लहान आतडेच त्याचा पुरावा देते, आणि तो पुरावा आपल्या देशातल्या एका भयंकर आजारात मिळतो.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूंचे विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवून दिले. हे विष अस्तराच्या पेशीला मारत नाही. ते तिच्यातली एक कळ कायमची 'चालू' करून ठेवते. मग पेशी मीठ आणि पाणी आतड्यात ओतत राहते. थांबू शकत नाही. माणूस काही तासांत कोरडा पडून मरू शकतो. बिघडलेली कळ पुन्हा बंद करण्याची सोय त्या पेशीपाशी नाही. पण ती पेशी मुळातच तीन-चार दिवसांची. ती वर सरकते, झडते, आणि खालून जी येते तिची कळ ठीक असते. म्हणजे पेशी सुधारली नाही तरी आतडे सुधारते. वैद्याला करायचे ते एवढेच की, तोपर्यंत माणसाला जिवंत ठेवायचे.

आणि ते करण्याची सोयही त्याच पेशीत असते. ओतण्याची कळ अडकली, तरी साखरेबरोबर मीठ आत घेण्याचे तिचे दुसरे दार शाबूत असते. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यातून दिले की त्यांच्यामागून पाणीही आत जाते. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटायला लावले; आजाऱ्यांच्या नातेवाइकांनी ते पाजले. तिथे मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांपर्यंत खाली आले. त्याआधी ते 30 टक्क्यांपर्यंत जात होते. आज ओआरएसची पुडी आपल्या प्रत्येकाच्या घरात असते. आमच्या आजीची मीठ घातलेली भाताची पेजही त्याच घराण्यातली. तांदळाच्या पिठाचे पिष्ट आतड्यात साखरच होते.

नातेवाइकांनी तिथे काय केले? विष काढले नाही, पेशी दुरुस्त केल्या नाहीत. घोटाघोटाने पाणी पाजत ते चार दिवस शेजारी बसून राहिले. बिघडलेला भाग आपोआप गळून पडेपर्यंत माणसाला तगवणे, ही सेवेची एक फार सुंदर जात आहे. व्यसनातून बाहेर येणाऱ्यांच्या घरच्यांना तिची ओळख असते. काकूंनी सहा वर्षांपूर्वी नेमके काय केले असेल, ते मला हे वाचताना थोडेफार कळले.

तरीही एक प्रश्न उरतो. अस्तर दर पाच दिवसांनी नवे होते, तर आतड्याचा कोणताही आजार आठवड्यात बरा का होत नाही?

याचे उत्तर आमच्या तमिळनाडूतूनच मिळाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये सेल्विन बेकर, व्ही. आय. मथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 आणि 1970 च्या दशकांत दक्षिण भारतातल्या लोकांच्या लहान आतड्याचा अभ्यास केला. ज्यांना कसलाही त्रास नव्हता, जे आपल्या कामावर जात होते, अशा लोकांतही अंकुर अनेकदा आखूड आणि रुंद दिसले, आणि काहींमध्ये अन्न शोषण्याची शक्तीही कमी भरली. याला उष्ण प्रदेशातली आंत्रविकृती म्हटले गेले. ती कुठल्या एका जंतूमुळे होत नाही. अस्वच्छ पाणी, अस्वच्छ परिसर, पुन्हा पुन्हा होणारे बारीकसारीक संसर्ग यांत राहिल्याने होते, असे आज मानले जाते. पेशी इथेही नव्याच असतात. उलट त्या जास्त वेगाने तयार होतात आणि जास्त वेगाने झडतात. खळगे खोल होत जातात, अंकुर बुटके होत जातात. धावपळ वाढते, उंची घटते.

आणि परिस्थिती बदलली तर? 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासांत हे तपासले गेले. पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक दक्षिण आशियात राहून मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या आतड्यांत असेच बदल आढळले होते. परतल्यावर ते ओसरत गेले. न्यूयॉर्कमध्ये राहायला गेलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी लोकांतही सुधारणा दिसली, पण ती हळूहळू, तिथल्या वास्तव्याचा काळ वाढत गेला तशी. पेशीला पाच दिवस लागतात. आतड्याला महिने, कधी वर्षे.

काकांच्या प्रश्नाला मी माझ्यापुरते जे उत्तर शोधले ते या ठिकाणी आहे. ते मी त्यांना सांगितलेही, तमिळमध्ये, आणि अर्थात इतक्या नीटपणे नाही. त्यांनी मान हलवली आणि वेगळेच सांगितले. पिणे सोडायचा निश्चय त्यांनी याआधी कितीतरी वेळा केला होता. प्रत्येक वेळी तो खराच होता. "दर सोमवारी मी नवा माणूस असायचो," ते म्हणाले. शेवटचा निश्चय टिकला कारण त्या वेळी त्यांनी कामाची जागा बदलली; आधीच्या कामावरून घरी यायचा रस्ता दारूच्या दुकानावरून होता आणि सोबतही तीच होती. गहाण पडलेले सोने ते आता थोडे थोडे करून सोडवत आहेत. मुलाला त्यांनी हे कळवलेले नाही. मी विचारले, का? तर म्हणाले, कळवले तर ते त्याच्याकडून काही मागितल्यासारखे होईल.

काका मोठे आहेत. रस्ता बदलणे त्यांच्या हातात होते. लहान मुलाचे तसे नाही. त्याने कोणते पाणी प्यावे, कोणत्या अंगणात रांगावे, हे ते ठरवत नाही. आखूड अंकुरांचा संबंध मुलांची उंची खुंटण्याशी जोडला जातो, म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. इथेही स्वस्त उपाय पुरत नाहीत. झिम्बाब्वेतल्या एका मोठ्या प्रयोगात घरोघरी सुधारित शौचालये, हात धुण्याची सोय आणि मुलांसाठी पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था पुरवली गेली. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मुलांच्या उंचीत त्याने फरक पडलेला दिसला नाही. संशोधकांचे म्हणणे असे की, परिसरच जंतूंनी इतका भरलेला असताना घरापुरती थोडी स्वच्छता कमी पडते; सगळ्या वस्तीचे पाणी आणि सगळ्या वस्तीची घाण यांचा बंदोबस्त लागतो. आपण सेवाकार्याला जातो तेव्हा साबण वाटून, फोटो काढून परततो. ते वाईट नाही. पण ते काम तिथे संपले असे समजू नये, इतकेच या प्रयोगावरून मला कळले.

मोठ्यांमध्ये हे बदल इतके सर्रास दिसत होते की, आपल्याकडच्या माणसांचे आतडे जन्मतःच तसे असेल असे कोणालाही वाटावे. वेल्लोरच्या संशोधकांनी तेही तपासले. जन्माला येता येताच दगावलेल्या बाळांच्या आतड्यांत अंकुर लांब, बारीक, बोटांसारखेच होते. जे काही झाले होते ते नंतर झाले होते.